गोल्फ कोर्सचं पाणी पंपावर नाही, ड्रॉइंगवर ठरतं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेले काही आठवडे तुमच्या पेपरात गोल्फ कोर्सच्या प्रोजेक्टवरून जी पत्रापत्री चाललीये ती मी सगळी वाचली, खालची बारीक टाइपातली सुद्धा. एक बाजू म्हणते मूठभर लोकांच्या खेळासाठी एवढं पाणी ओतायचं हे पापच आहे, दुसरी म्हणते आम्ही सांडपाणी शुद्ध करून वापरणार मग तुमच्या पोटात का दुखतंय. दोन्हीकडचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण मी बरीच वर्षं हेच काम केलंय, म्हणजे स्प्रिंकलरची लाइन टाकणं, पंप बसवणं, कंट्रोलर सेट करणं आणि पुढं कुठं गवत पिवळं पडलं की सगळ्यांच्या शिव्या खाणं. गोल्फ मला स्वतःला धड खेळता येत नाही, माझा बॉल बहुतेक वेळा रफमध्येच, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, सापडतो (सापडला तर). पण पाणी कुठं मुरतं आणि कुठं मुरतंय असं नुसतं कागदावर दाखवलं जातं, एवढं मला कळतं.

तर मुद्दा असा की पाणी शुद्ध केलेलं की गोडं यावर सगळे भांडतायत, तो प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न कुणी विचारतच नाहीये, की बाबांनो तुम्ही एकूण किती एकर ओलं करणार आहात?

जरा हिशोब करून बघा, अवघड नाहीये. एक एकर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजे साधारण ४ हजार लिटर. कडक उन्हाळ्यात कोरड्या हवेत हिरव्यागार लॉनला दिवसाला ५ मिलिमीटरच्या आसपास लागतं. अठरा होलचा (होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून झेंड्यापर्यंतचा एक टप्पा) कोर्स म्हटला की एकूण जागा दीडशे एकरच्या घरात असते आणि त्यातलं कापून, खत घालून राखलेलं गवत शंभर एकरपर्यंत सहज जातं. म्हणजे रोजचं झालं २० लाख लिटर. माणसाला प्यायला, शिजवायला, धुण्या-आंघोळीला दिवसाला ५० ते १०० लिटर लागतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेव्हा वरच्या टोकाचा आकडा घेतला तरी ही वीस हजार माणसांची गरज झाली. आता गंमत बघा, याच कोर्समध्ये ग्रीन म्हणजे जिथं झेंडा असतो आणि जिथं गवत खरंच लाडानं वाढवावं लागतं, ती सगळी मिळून असतात जेमतेम तीन-चार एकर. तेवढीच टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा. फेअरवे, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा, तीस एकरच्या आसपास. म्हणजे खेळ ज्या गवतावर चालतो ते झालं फार तर चाळीस एकर आणि उरलेलं पन्नास-साठ एकर गवत हे नुसतं बघायला! त्यातल्या बऱ्याच भागावर वर्षभरात गवत कापणाऱ्याशिवाय कुणाचा पाय पडत नाही, पडला तर माझ्यासारख्याचा.

पाणी वाचवायची पहिली जागा ही आहे. आणि ही जागा प्रोजेक्ट चालू झाल्यावर कुणाच्या हातात राहत नाही, ती ड्रॉइंगवरच ठरते, जेव्हा आर्किटेक्ट हिरवी पेन्सिल घेऊन बसलेला असतो.

हे मी मनाचं बोलत नाहीये. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात पाइनहर्स्ट नंबर टू म्हणून डोनाल्ड रॉसनं आखलेला १९०७ सालचा जुना नावाजलेला कोर्स आहे. मधल्या काळात तिथंही सगळीकडे हिरवं लॉन पसरत गेलं. मग २०१०-११ मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या कोर्स आखणाऱ्या जोडीला बोलावून तो मूळ रूपात आणला. त्यांनी काय केलं तर १९४३ चे जुने हवाई फोटो काढले, फेअरवेच्या मधोमध गेलेली जुनी पाण्याची लाइन शोधली (वा! हे वाचून आमच्यासारख्या पाइपवाल्यांची छाती फुगते), तिच्यावरून मूळ फेअरवे कुठून कुठवर होता ते ठरवलं आणि कडेचं साधारण ३५ एकर लॉन उखडून तिथं परत वाळू आणि तिथलंच रानगवत येऊ दिलं. स्प्रिंकलरची डोकी अकराशेच्या वर होती ती साडेचारशेवर आली. आणि हा काही कोपऱ्यातला गरीब क्लब नाही, २०१४ मध्ये तिथं लागोपाठच्या दोन आठवड्यांत पुरुषांची आणि बायकांची अशा दोन्ही यूएस ओपन, म्हणजे गोल्फमधल्या मोठ्या स्पर्धा, झाल्या. म्हणजे ‘एवढं गवत नसलं तर मोठी टूर्नामेंट कोण देणार’ हे जे कायम ऐकवलं जातं ना, त्याला तिथंच उत्तर मिळालं.

वाळवंटात तर हे कायद्यानंच करावं लागलं. ॲरिझोनात १९८० च्या दशकापासून नव्या कोर्सना पाण्याचा कोटा देताना होलमागे ५ एकर गवत, म्हणजे अठरा होलला ९० एकर, असा हिशोब धरला जातो. त्यामुळं झालं असं की आर्किटेक्ट लोकांनी डोकं चालवलं, टीवरून मारायचं, मध्ये आहे ते वाळवंट तसंच सोडायचं आणि पुढं फेअरवेचं बेट, त्याच्यापुढं ग्रीनचं बेट. लास व्हेगासमध्ये गोल्फ कोर्सना एकराला वर्षाला ६.३ एकर-फूट पाणी मिळायचं, ते २०२४ पासून ४ वर आणलंय. एकर-फूट म्हणजे एक एकरावर फूटभर पाणी उभं केलं तर जेवढं होईल तेवढं. चार म्हटलं तरी छातीएवढं पाणी झालं हो वर्षाचं, आणि हा कपात केलेला आकडा आहे! पण निदान तिथं एकराचा हिशोब मांडलेला असतो, मीटर असतो, जास्त उपसलं तर दंडाचं बिल येतं. आपल्या चर्चेत असा एक तरी आकडा आलाय का? ‘पर्यावरणपूरक’, ‘ग्रीन’, ‘शाश्वत’ हे शब्द मात्र प्रत्येक जाहिरातीत आहेत.

आता जमिनीचं. हे जरा सविस्तर सांगतो कारण पाण्याची निम्मी बरबादी मी मातीमुळं होताना बघितलीये आणि याबद्दल कुणी लिहीत नाही.

एका प्रोजेक्टवर, नाव घेत नाही, कॉन्ट्रॅक्टरनं अठराही होल एकदम उघडले. कारण काय तर डोझर आणि पोकलेन भाड्यानं आणलेले, दिवसाचं भाडं चढतंय, मग घ्या सगळं उरकून. नियम असा असतो की आधी वरची सुपीक माती, वीतभर का होईना, सोलून बाजूला ढीग करून ठेवायची, झाकायची, खाली हवे तसे चढ-उतार करायचे आणि मग तीच माती परत वर पसरायची, आणि हे दोन-तीन होल घेऊन टप्प्याटप्प्यानं करायचं. इथं ढीग केले पण झाकले नाहीत. एका रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी जाऊन बघतो तर ढिगांवर वरपासून खालपर्यंत हात जाईल एवढ्या घळ्या पडलेल्या, आणि खालचा तळं म्हणून खणलेला भाग, ज्यातनं पुढं आम्ही पाणी उचलणार होतो, तो चहासारखा झालेला. ओढ्याच्या काठची झाडं आधीच काढून टाकलेली, त्यामुळं गाळ अडवायला मध्ये काहीच नाही, उरलेला सगळा खालच्या ओढ्यात. पंपाच्या सक्शनची जाळी मी त्या आठवड्यात किती वेळा साफ केली त्याची गणती नाही. तळ्याची खोली गाळानं कमी झाली म्हणजे साठा कमी झाला, साठा कमी म्हणजे बाहेरून पाणी घ्या.

एवढ्यावर संपलं असतं तर ठीक होतं. सुपीक माती वाहून गेल्यावर खालच्या मुरमाड, डोझरच्या चेननं दाबून दाबून दगड झालेल्या जमिनीवर गवत लावलं. ती जमीन पाणी घेईनाच. स्प्रिंकलर दहा मिनिटं चालला की पाणी वरून वाहायला लागायचं, मुळाला काही पोचत नाही, गवत पिवळं, साहेब म्हणणार अजून दहा मिनिटं वाढव. वाढवली. अजून वाहून गेलं. मग रात्रीचं पाणी तीन हप्त्यांत तोडून द्यायला लागलो, थोडं द्यायचं, थांबायचं, मुरलं की परत द्यायचं, तेव्हा कुठं थोडा फरक पडला. पण दोन वर्षं तो कोर्स लागायला हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी पीत होता, आणि क्लबच्या पुस्तिकेत छापलेलं की इथं अत्याधुनिक कॉम्प्युटर कंट्रोल्ड सिंचन आहे. होतं ना! कॉम्प्युटर काय करणार बिचारा, त्याला काय माहीत खाली माती आहे का मुरूम.

म्हणून म्हणतो की जमीन सांभाळली तर पाणी आपोआप निम्मं सांभाळलं जातं. जमिनीचा जो नैसर्गिक उतार आहे त्यातच होल शोधायचे. नेब्रास्कात सँड हिल्स नावाचा कोर्स १९९५ मध्ये उघडला, वर ज्यांचं नाव आलं त्याच कूर-क्रेनशॉ जोडीचा, तिथं त्यांनी वाळूच्या टेकड्या आहेत तशाच ठेवून फारच थोडी माती हलवली, आणि जगातल्या सगळ्यात चांगल्या कोर्सच्या यादीत तो कायम वर असतो. उलट काही ठिकाणी सपाट जमिनीवर खोट्या टेकड्या, खोटे धबधबे, खोटी तळी. ही तळी म्हणजे पाणी साठवणं असं लोकांना वाटतं, पण उघड्या तळ्यातनं उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर धरलं तरी पाच एकराच्या तळ्यातून रोज लाखभर लिटर नुसतं उडून जातं. तळं हवं असेल तर खोल आणि आटोपशीर करा, सगळ्यात सखल जागी करा, आजूबाजूचं पावसाचं पाणी गवताच्या चरातून गाळून त्यात येऊ द्या. क्लबहाउसच्या खिडकीतनं छान दिसावं म्हणून उथळ आणि पसरट नको.

आता शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं, कारण समर्थकांचा सगळा भर त्यावरच आहे. मी त्याच्या बाजूचा आहे आधीच सांगतो. पण नळ उघडला की झालं असं ते नसतं. पेबल बीच हा कॅलिफोर्नियातला जगप्रसिद्ध कोर्स, त्यांनी १९९४ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी वापरायला घेतलं. पाण्यात क्षार, विशेषतः सोडियम, जास्त निघाला आणि ग्रीनवरचं गवत आजारी पडायला लागलं, मग क्षार धुवून काढायला अधूनमधून पुन्हा चांगलं पाणी सोडावं लागायचं. शेवटी शुद्धीकरणाचा प्लांट वाढवून क्षार काढायची वेगळी सोय केली तेव्हा ती कटकट सुटली. म्हणजे एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचं) पाणी वापरणार म्हटल्यावर विचारायला पाहिजे की त्यातले क्षार किती, माती निचरा होणारी आहे का चिकण, क्षार खाली धुतले गेले तर खालच्या विहिरींचं काय, आणि ज्या महिन्यात प्लांट बंद पडेल त्या महिन्यात पाणी कुठनं घेणार. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘बोअर’ असं असतं, फक्त ते कुठं लिहिलेलं नसतं. शिवाय शुद्ध केलेलं पाणी काही आभाळातनं पडत नाही, ते कोर्सला नाही दिलं तर कारखान्याला किंवा शेतीला देता आलं असतं, तेव्हा ते फुकटचं समजून शंभर एकरावर उधळायचं हे काही खरं नाही.

गवताबद्दल थोडक्यात सांगतो. उष्ण हवेत थंडीचं गवत जगवायचा हट्ट धरला की पाणी वाढलंच समजा. ढोबळ हिशोबानं हवा जेवढं पाणी ओढून घेऊ शकते त्याच्या ८० टक्के थंड हवेच्या गवताला लागतं आणि गरम हवेच्या गवताला ६० टक्के. बर्म्युडा बर्म्युडा म्हणून ज्याचं कौतुक चालतं ती दुसरी तिसरी कोण नाही, आपली हरळीच, शेतकऱ्याला जी उपटून उपटून संपत नाही तिचीच सुधारलेली जात. पाणी खारट असेल तर पास्पालम म्हणून समुद्रकाठचं गवत आहे, ते बऱ्यापैकी खार सोसतं. गवताची जात पाणी बघून निवडायची, परदेशातला फोटो बघून नाही, एवढंच.

आणि एक घरगुती टेस्ट सांगतो जी कुठल्याही कोर्सवर अर्ध्या तासात होते आणि जिच्यापुढं मोठमोठे सल्लागार गप्प बसतात. वीस-पंचवीस एकसारखे प्लास्टिकचे मग घ्यायचे, पहाटे वारा नसताना फेअरवेवर पाच-पाच पावलांवर मांडायचे आणि स्प्रिंकलर पंधरा मिनिटं चालवायचा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका मगात जेवढं पाणी, दोन मग सोडून पुढच्यात जेमतेम त्याच्या पाव. नोझल झिजलेले, दोन डोकी गवतात खचून तिरकी झालेली, एकाचं तोंड चक्क गाडीरस्त्याकडे. आता जिथं पाव पडतंय तिथलं गवत वाळणार, ते वाळू नये म्हणून माळी अख्ख्या लाइनचा वेळ दुप्पट करणार, म्हणजे जिथं आधीच भरपूर पडतंय तिथं दुप्पट, तिथं चिखल आणि बुरशी, मग बुरशीवर औषध. हे सगळं एका पैशाच्या नोझलपायी! नोझल बदलले, डोकी सरळ केली आणि त्या पट्ट्यात वेळ जवळपास निम्म्यावर आणता आला. (पाइनहर्स्टवाले मुद्दाम मध्ये ओलं आणि कडेला कोरडं ठेवतात ते वेगळं, ते ठरवून केलेलं आहे, आमचं नुसतं दुर्लक्ष होतं.) आणि भर पावसात स्प्रिंकलर चालू असलेला तर सगळ्यांनीच कुठं ना कुठं बघितला असेल. त्याचं कारण एवढंच असतं की टायमर पहिल्या दिवशी कुणीतरी लावलेला आणि त्याचा पासवर्ड जो माणूस सोडून गेला त्याच्याकडे.

विरोध करणाऱ्यांनाही दोन शब्द. राग समजतो. २०२२ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये दुष्काळात लोकांच्या बागांना पाणीबंदी आणि गोल्फच्या ग्रीनला मात्र सूट, म्हणून तुलूजजवळ आंदोलकांनी होलच्या खड्ड्यांत सिमेंट भरून टाकलं. चीननं २००४ मध्ये नवे कोर्स बंद केले तरी ते उगवतच राहिले, शेवटी २०१७ च्या सुरुवातीला १११ कोर्स बंद केल्याचं जाहीर केलं, पाणी आणि शेतजमीन ही कारणं त्यात होती. काही जागी कोर्स नकोच हे मलाही मान्य आहे, चांगली पिकती जमीन, पाणथळ, जुनं जंगल, तिथं कितीही शाश्वत म्हटलं तरी नको. पण सगळीकडे सरसकट नको म्हटलं की समोरचा तुम्हाला विकासविरोधी ठरवून मोकळा होतो आणि ड्रॉइंग आहे तसंच पास होतं. त्यापेक्षा जागा बदला म्हणा. वॉशिंग्टन राज्यात चेंबर्स बे हा कोर्स जुन्या दगड-वाळूच्या खाणीत केलाय, २००७ मध्ये उघडला आणि २०१५ ला तिथं यूएस ओपन झाली. कमी पाण्यावर जगणारं फेस्क्यू गवत लावलेलं, ग्रीनवर ते नीट टिकलं नाही, खेळाडूंनी जाम शिव्या घातल्या आणि नंतर ग्रीनवरचं गवत बदलावं लागलं, म्हणजे सगळंच जमलं असं नाही. पण उजाड खाण वापरात आली, शेत गेलं नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती मान्य करायला कुणाचा खेळ बंद करावा लागत नाही. परवानगी देताना एक नकाशा जाहीर करा ज्यावर फक्त ओलं होणारं क्षेत्र रंगवलेलं असेल, एकरात, आणि बाकी सगळं कोरं. महिन्याला किती पाणी, कुठून, मीटर कुणाचा आणि त्याचं रीडिंग लोकांना कुठं बघायला मिळणार. माती किती हलवणार, एका वेळी किती होल उघडणार, ओढ्याच्या दोन्ही काठांना किती रुंद पट्टा हात न लावता सोडणार. ही पाच-सहा उत्तरं ज्याला देता येत नाहीत त्याच्या एसटीपीचं कौतुक मला तरी सांगू नका.

एक शेवटचं, हे थेट तुम्हाला. २००६ ला इंग्लंडमध्ये हॉयलेकला ब्रिटिश ओपन ही मोठी स्पर्धा झाली तेव्हा पाऊस नव्हता, फेअरवे वाळून बिस्किटासारखे झालेले, आणि टायगर वुड्सनं आख्ख्या चार दिवसांत ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, फक्त एकदा वापरून ती जिंकली, कारण कडक जमिनीवर बॉल पळतच राहतो, जोर कमी आणि डोकं जास्त लागतं. जुन्या लोकांना विचारा, अजून त्याबद्दल बोलतात. पण टीव्हीवर ऑगस्टा, म्हणजे अमेरिकेतल्या मास्टर्स स्पर्धेचा कोर्स, १९६६ पासून रंगीत दिसायला लागलं आणि लोकांच्या डोक्यात बसलं की गोल्फ म्हणजे हिरवंगार. तुमच्या पेपरात या विषयावर आलेल्या लेखांसोबत आतापर्यंत जे फोटो छापलेत त्यात एकही सुकलेला फेअरवे नाही, सगळे कसे पोपटी, वर पाण्याचे कारंजे उडतायत. पुढच्या वेळी वाळलेल्या फेअरवेचा एखादा छापा, आणि खाली ‘दुष्काळ’ असं लिहू नका.

कळावे,
आपला एक जुना वाचक